रातांबा वयात येईपर्यंत

आमच्या घरमालकीणबाई कोणालाही वय विचारत आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवत नसत.

रत्नागिरीत त्यांच्या घराच्या माडीवर मी काही वर्षे भाड्याने राहिलो. तेव्हा मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात वार्ताहर होतो. खोली पाहायला गेलो त्या दिवशी त्यांनी नोकरी, पगार, जेवणखाण यांपैकी काहीच विचारले नाही. जन्मतारीख विचारली. मी सांगितली.

"शाळेतली की खरी?"

"खरी."

"कशावरून?"

"आईनं सांगितली."

"आईला कुणी सांगितली?"

"आई तिथंच होती."

यावर त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. मग "बरं, चालेल," म्हणाल्या आणि किल्ली दिली.

त्या निवृत्त परिचारिका होत्या. गल्ली त्यांना सिस्टर म्हणत असे. मीही तेच म्हणू लागलो. त्यांची सगळी नोकरी आतल्या गावांतल्या आरोग्य केंद्रांत गेली होती. बाळंतपणे, लसी, बाळांची वजने, जन्ममृत्यूच्या नोंदी. त्या गावांतल्या म्हाताऱ्यांना स्वतःचे वय ठाऊक नसे आणि सरकारी कागदाला ते हवे असे. सिस्टर ते शोधून काढत. "गावात वीज आली तेव्हा तुम्ही सून होतात की सासू?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न होता. त्यावरून त्या पाच वर्षांच्या आत वय आणत, असे त्यांचे म्हणणे. याची खातरजमा करण्याचे साधन माझ्याकडे नव्हते, आणि त्या म्हाताऱ्यांकडेही नसावे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हे सगळे ज्ञान झाडांवर वापरायला घेतले. लग्न केलेले नव्हते. वाढत्या वयाचे दुसरे कोणी घरात नव्हते.

झाडे त्या फक्त बियांपासून वाढवत. रत्नागिरीत राहून कलमांना नावे ठेवणारी व्यक्ती मी तेवढी एकच पाहिली. शेजारी एक बागायतदार राहत. हापूसची मोठी बाग, बोलायला मोकळे, कुंपणावर हात ठेवून तासभर उभे राहणारे. त्यांच्या कलमांविषयी सिस्टर त्यांच्या तोंडावर म्हणत, "पाय दोन वर्षांचे आणि डोकं आजोबांचं. कुठल्या रकान्यात बसवायचं असल्याला?"

"रकान्यात कशाला बसवताय, सिस्टर? फळं खा."

"वय सांगा, मग खाते."

बागायतदार हसत. त्यांनी दिलेली पेटी सिस्टर घेत. आंबे खात. आणि कोयी पेरत.

पेरलेल्या प्रत्येक गोष्टीचे वय आणि वाढीचा टप्पा त्यांच्या ध्यानात असे, पण लिहिलेले कुठेही नसे. आयुष्यभर इतके रकाने भरले की आता एक अक्षर लिहायचे नाही, असे त्यांनी निवृत्तीच्या दिवशी ठरवले होते. लिहिण्याऐवजी दोरे होते. मिरकरवाडा बंदरात मासेमारीची जाळी दुरुस्त करायचा रंगीत नायलॉनचा दोरा मिळतो, तो त्या आणत. बी मातीत गेले की कुंडीला पांढरा दोरा. कोंब वर आला की पिवळा. खरी पाने फुटली की हिरवा. रोप पिशवीतून जमिनीत गेले की निळा. फूल आले की लाल. मागच्या अंगणात कुंड्या, पत्र्याचे डबे, दुधाच्या पिशव्या, फुटक्या बादल्या अशा सुमारे दोनशे वस्तू रांगेने मांडलेल्या असत आणि प्रत्येकीला दोरा असे. नवखा माणूस आला तर त्याला हा नवसाचा प्रकार वाटे. एकदा एक बाई खरोखरच हात जोडून उभी राहिलेली मी पाहिली. सिस्टरांनी तिला मिरचीची रोपे दिली.

पांढऱ्या दोऱ्याच्या कुंडीला त्या गरोदर म्हणत. वय मोजायचे ते कोंब दिसल्यापासून, त्याआधीचे नाही. पेरल्या दिवसापासून मोजणाऱ्यांशी त्यांचे जमत नसे. "लग्नाच्या तारखेपासून पोराचं वय धरता काय?" असे त्या विचारत.

कोंबाबरोबर येणाऱ्या पहिल्या दोन जाड पानांना त्या पाने मानत नसत. ते आईचे दूध. बीमध्ये साठवलेले अन्न तेवढे त्यांच्यात असते, आणि ते संपेपर्यंत रोपाला खत द्यायचे नाही, हा त्यांचा नियम. हे शास्त्राला धरून आहे असे मला नंतर कळले. खरी पाने आली की उष्टावण. त्या दिवशी मासळी धुतलेले पाणी पातळ करून चमच्याने घालत. माझ्या खोलीची खिडकी त्याच बाजूला होती. उष्टावणाचे दिवस मला न सांगता कळत.

रोपांचे वजन करायला त्यांच्याकडे आरोग्य केंद्रातला असतो तसा टांगायचा काटा होता, खाली कापडी झोळी. पपईचे रोप पिशवीसकट झोळीत बसवायचे, काटा स्थिर होईपर्यंत "हलू नको" म्हणायचे, मग पिशवीचे वजन वजा. वजन कमी भरले तर त्या रोपाला काही बोलत नसत. शेजारच्या रोपाकडे पाहून सुस्कारा टाकत.

रोप मागायला येणाऱ्याला ते लगेच मिळत नसे. गल्लीच्या टोकाला एक निवृत्त मास्तर राहत. ते वांग्याची रोपे न्यायला आले तेव्हा मी जिन्यावर होतो.

"सहा द्या, सिस्टर. ही बरी दिसतात."

"ती नाही मिळणार. अजून अंगावर पितात."

"वांगी?"

"दोन आठवड्यांनी या. डिस्चार्ज देते."

मास्तर दोन आठवड्यांनी आले, रोपे घेऊन गेले, आणि विषय संपला असे समजले. ती त्यांची चूक होती. पंधरवड्याने सिस्टर रिक्षा करून गृहभेटीला गेल्या. गल्लीचे टोक पायी तीन मिनिटांवर आहे, पण गृहभेटीला वाहनाने जायचे ही नोकरीतली सवय. मास्तरांच्या परसात सहा रोपे होती. सिस्टर वाकल्या, एका रोपाचे पान दोन बोटांत धरले आणि म्हणाल्या, "हे माझं नव्हे."

"अहो, तुमचंच."

"मी दिली ती गोकुळाष्टमीची होती. हे गणपती गेल्यानंतरचं आहे. माझं कुठाय?"

मास्तरांनी कबूल केले की दोन गेली होती आणि त्यांच्या जागी बाजारातली आणून लावली होती.

"कशानं गेली?"

"गेली म्हणजे... गेली."

"गेली हे कारण नव्हे. मरणाच्या दाखल्यावर 'गेला' लिहिलं तर चालतं काय? कारण सांगा."

मास्तर आठवून आठवून बोलले. पाणी जास्त झाले होते. सिस्टरांनी ते मान्य केले आणि चहा घेतला. पुढे मास्तर मला एसटी स्टँडवर भेटले तेव्हा म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांना उठून उत्तर द्यायला लावलं. हे असं असतं ते माहीत नव्हतं."

सिस्टरांवर एक लेख लिहावा असे आमच्या संपादकांच्या मनात आले. निवृत्तीनंतरचे छंद अशी पुरवणी होती. सिस्टर तयार झाल्या. छायाचित्रकार आला, त्याने त्यांना रोपांच्या रांगेत उभे केले, आणि तेव्हा त्यांनी अट घातली.

"यांचे चेहरे दिसता कामा नयेत."

"कोणाचे?" छायाचित्रकाराने विचारले.

"अल्पवयीन आहेत सगळे. तुमचेच पेपर पोरांचे चेहरे झाकतात ना?"

मी समजावून पाहिले की तो नियम वेगळ्या बातम्यांसाठी असतो. "नियम वयाचा आहे की बातमीचा?" त्यांनी विचारले. कार्यालयात मी हे हसत सांगितले. पुरवणीची पाने लावणाऱ्याने ते हसण्यावारी नेले नाही. तो नवीन होता. रविवारी पुरवणीत सिस्टर स्पष्ट दिसत होत्या आणि त्यांच्याभोवती तीस-चाळीस धुरकट हिरवे ठिपके होते. एका वाचकाने फोन करून विचारले की बाईंना कसली शिक्षा झाली आहे.

आता अंगणाच्या दारावरच्या पाटीविषयी. पपई आणि रातांबा, म्हणजे ज्याच्या सालीचे आमसूल होते तो, या दोन्हींत नर झाड वेगळे आणि मादी वेगळी. फळ मादीला लागते. बियांपासून रोप केले तर ते काय निघेल हे फूल येईपर्यंत कळत नाही. पपईचे काही महिन्यांत कळते. रातांब्याला सात-आठ वर्षे लागतात. म्हणून शहाणी माणसे रातांब्याचे मादीचे कलम आणतात, आणि बियांचे लावलेच तर नर निघालेले तोडून टाकतात. परागासाठी बागेत एखाददुसरा ठेवतात.

लोक पपईची रोपे मागायला येत आणि साहजिकच म्हणत, "मादी बघून द्या." एके दिवशी अंगणाच्या दाराला पत्र्याची पाटी लागली: 'येथे लिंगनिदान केले जात नाही.' अक्षरे रंगाऱ्याकडून काढून घेतली होती, त्यामुळे न लिहिण्याचा नियम मोडला नव्हता.

बागायतदार पाटी वाचून आत आले. "मी पानावरून ओळखतो, सिस्टर. सांगू काय? ही तीन माद्या, तो कोपऱ्यातला..."

"गप्प बसा. गुन्हा आहे."

"पपई आहे ओ."

"आज पपई."

त्या हसत नव्हत्या. बागायतदारांनी वाक्य अर्धे सोडले. पाटी गंमत म्हणून लावली नव्हती हे तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आले. नोकरीत या विषयावर त्यांनी काय पाहिले होते ते त्यांनी कधी सांगितले नाही. एवढेच एकदा म्हणाल्या होत्या की त्यांच्या केंद्रात मुलगी झाली तरी पेढेच वाटायला लावत, बर्फी चालत नसे. मुलग्याला पेढा आणि मुलीला बर्फी, हा भेद त्यांनी तीन गावांत मोडला होता आणि चौथ्या गावात बदली झाली होती.

अंगणाच्या मागच्या टोकाला, निळा दोरा बांधलेला, त्यांनी बियांपासून केलेला एक रातांबा होता. मी राहायला आलो तेव्हा तो माझ्या खांद्याला लागत होता. सिस्टर त्याच्याविषयी "ते मूल" असे बोलत. मूल म्हटले की मुलगा की मुलगी हे सांगावे लागत नाही. "ते बालवाडीत आहे." "ते आता दुसरीत गेलं." दरवर्षी त्याची उंची घराच्या मागच्या भिंतीला पाठ लावल्यासारखी मोजली जाई, झाड हलवता येत नसल्यामुळे भिंतीचा अंदाज घेतला जाई.

या झाडाचा वाद होता. सिस्टरांचा धाकटा भाऊ मुंबईकडे नोकरीला होता. घर आणि जागा दोघांच्या नावावर. भावाच्या मुलाचे लग्न झाले होते, दोन खोल्यांत दोन संसार होते, आणि निवृत्त झाल्यावर भावाला बायकोसह गावाकडे यायचे होते. मागच्या अंगणात त्याला दोन खोल्या बांधायच्या होत्या. सपाट जागा तिथे एकच, आणि तिच्या मधोमध रातांबा. विहिरीच्या बाजूला जागा होती, पण ती सगळी जांभ्याची. तिथे पाया घालायचा तर दगड फोडावा लागणार, आणि भावाकडे हौस करायला फारसे काही नव्हते.

झाड लहान असतानाच भावाबहिणीने गणपतीसमोर बसून ठरवले होते. ते वयात येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. फळ देणारे निघाले तर झाड राहील, भाऊ विहिरीकडे दगड फोडेल. नर निघाला तर झाड जाईल. दोघांनीही मान्य केले होते, आणि दोघेही शब्द पाळणारी माणसे होती. अडचण तीच होती.

भाऊ गणपतीला आणि शिमग्याला येई. साठीला आलेला, शांत, गुडघे दुखणारा माणूस. सिस्टर त्याला बाळ्या म्हणत. आल्या आल्या त्याची प्रगती गल्लीला सांगितली जाई. "बाळ्याला दात उशिरा आले. चालायला मात्र लवकर लागला."

"अक्का, साठ झाली माझी."

"आठ महिने आहेत अजून."

तो हात-पाय धुऊन आधी मागे जाई आणि झाडाकडे वर पाहत उभा राही. एका गणपतीत तो माझ्या खोलीत येऊन बसला आणि जरा वेळाने म्हणाला, "अक्काची जन्मतारीख एक जून. ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हते.

"आमच्या शाळेत अर्ध्या वर्गाची एक जून होती. गुरुजींना सोयीची. माझी तेवढी खरी. चार बहिणींवर मी झालो, बापानं गावभर पेढे वाटले, म्हणून गावाला दिवस लक्षात राहिला. हिच्या वेळी कोण कशाला काय वाटतोय? अख्ख्या तालुक्याची वयं काढली हिनं. स्वतःचं वय हिला नाही."

खाली सिस्टर कोणाला तरी सांगत होत्या की भेंडी आता रांगायला लागली आहे.

ज्या हिवाळ्यात रातांब्याला कळ्या दिसल्या त्या हिवाळ्यात भावाचे फोन मला रोज येऊ लागले. फुलाचा जवळून फोटो पाठवा. मधोमध हिरवी गोटी दिसते काय बघा. गोटी असेल तर मादी. मी सांगितले की मी भाडेकरू आहे. "तुम्ही पत्रकार आहात," तो म्हणाला. हे खरे होते, पण उपयोगाचे नव्हते. सिस्टरांनी झाडाभोवती पडदा लावला होता.

दवाखान्यात तपासणीच्या खाटेला लावतात तसा हिरव्या कापडाचा, लोखंडी चौकटीचा, चाकांचा पडदा. तो त्यांनी कुठून मिळवला ते कळले नाही. पडदा माणसाच्या उंचीचा होता आणि झाड त्याच्या दुप्पट झाले होते. सगळी फुले पडद्याच्या वर होती. रस्त्यावरून दिसत, माझ्या खिडकीतून दिसत, बागायतदारांच्या गच्चीवरून तर हाताला लागतील अशी दिसत. पडद्याने फक्त खोड झाकले होते. तरीही गल्लीतले लोक तिथून जाताना मान खाली घालत. मीही खिडकी लावून घेतली. माणूस अशा गोष्टींना लवकर सरावतो.

काही दिवसांनी पडदा निघाला, खोडाला लाल दोरा आला, आणि सिस्टर पितळी डबा घेऊन घरोघर निघाल्या. डब्यात पेढे होते.

बागायतदारांनी पेढा घेतला आणि कुंपणावरून हात पुढे केला. "अभिनंदन. मादी निघाली, वाचलात."

"मुलगा आहे."

त्यांचा पेढा तोंडाशी थांबला. "नर? मग पेढे कसले?"

"झालाय म्हणून."

मास्तरांकडे, वाण्याकडे, रिक्षावाल्याकडे हाच संवाद झाला. दुपारपर्यंत गल्लीत निम्म्या लोकांना वाटत होते की आनंद झाला आहे, निम्म्यांना वाटत होते की भेटायला जावे. दोन बायका भेटायला गेल्याही. त्यांना पेढे मिळाले.

शिमग्याला भाऊ आला. बरोबर करवत घेतलेला एक माणूस होता. भावाने चप्पल काढायच्या आधीच, लाजत, पण स्पष्ट सांगितले, "अक्का, ठरलं होतं."

"ठरलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "नाही कुठं म्हणते?"

त्यांनी दोन खुर्च्या मागे नेल्या. करवतवाल्याला चहा दिला. रोपे न्यायला आलेल्या चार बायका अंगणात होत्या; त्यांना थांबायला सांगितले. बागायतदार कुंपणाशी आले. मी जिन्यावर होतो. मग सिस्टर खुर्चीत बसल्या आणि भावाला म्हणाल्या, "काप. फक्त कारण सांग."

"कसलं कारण?"

"मरणाचं. रकाना भरल्याशिवाय जाऊ देत नाही मी कुणाला."

"खोल्या बांधायच्या आहेत."

"खोल्या आठ वर्षं बांधायच्या आहेत. तेव्हा कापलंस? आज कापतोयस ते कशानं?"

भाऊ झाडाकडे पाहत राहिला. झाड फुलांनी गच्च होते, खाली पाकळ्या पडल्या होत्या, आणि मधमाश्यांचा आवाज येत होता.

"तुला माहीत आहे, अक्का."

"मला माहीत आहे. ह्या बायांना नाही. सांग त्यांना. मोठ्यानं सांग."

चार बहिणींवर झालेला माणूस चार बायकांसमोर उभा होता आणि त्याला एक साधे, खरे, सगळ्यांना ठाऊक असलेले वाक्य उच्चारायचे होते. तो "ते झाड" इथपर्यंत दोनदा आला.

बागायतदारांना हे पाहवले नाही. ते कुंपणावरून म्हणाले, "मी सांगू काय? तोडायला नको नि भांडायलाही नको. शेंडा उडवतो, माझ्या मादीच्या काड्या आणून कलम बांधतो. तीन वर्षांत रातांबे लागतील. ठरल्याप्रमाणं फळ आलं, झाड राहिलं."

भाऊ एकदम वळला. "हे बरं. अक्का, हे चांगलं. तीन वर्षं मी थांबतो."

"नको."

"का?"

"मुलगा झालाय. मुलगाच राहील. डोकं उडवून दुसरीचं डोकं बसवायचं नि उद्या कोणी विचारलं वय काय, तर कुणाचं सांगू? त्यापेक्षा काप. मी अडवत नाही. कारण सांग नि काप."

"अगं, वाचतंय तर वाचू दे की."

"तू कापायला आलायस ना?"

"आलो होतो."

"मग?"

इथून पुढचा अर्धा तास झाड तोडायला आलेला भाऊ झाड वाचवण्यासाठी बहिणीची विनवणी करत होता, आणि ज्या बहिणीने ते आठ वर्षे वाढवले ती शब्दाला शब्द लावून त्याला करवतीकडे ढकलत होती. दोघांचेही आवाज चढले नाहीत. सिस्टरांचे हात मांडीवर होते. फक्त एकदा, भावाने कलमाचे तिसऱ्यांदा काढले तेव्हा, त्यांनी तोंड फिरवले आणि पदर डोळ्यांना लावला. मग पुन्हा म्हणाल्या, "कारण."

शेवटी भाऊ वळला. गुडघ्यावर हात दाबत विहिरीच्या बाजूला गेला. तिथे त्याने टाचेने जमिनीवर दोन-तीन ठोके दिले. जांभा होता; काही हलले नाही. तो तिथूनच ओरडून बागायतदारांना म्हणाला, "दगड फोडणारा माणूस आहे काय तुमच्या ओळखीचा?"

"आहे. वेळ लागेल."

"लागू दे."

करवतवाल्याने कप खाली ठेवला. "मग माझं काम नाय ना?"

"नाय," भाऊ म्हणाला.

"मग अजून जरा च्या घेऊन जातो."

सिस्टर चहा आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शेवटी एका बाईने जाऊन चहा आणला.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. नंतर एका कामासाठी रत्नागिरीला गेलो तेव्हा गल्लीत गेलो. विहिरीकडे दोन खोल्या उभ्या होत्या. एकच दार, आणि खिडक्या लहान, कारण दगड फोडता फोडता पैसा आणि उत्साह दोन्ही कमी पडले असावेत. सिस्टर आत कोणाला तरी पडवळाचे वय समजावून सांगत होत्या. भाऊ रातांब्याखाली खुर्ची टाकून केरसुणीसाठी माडाच्या झावळीचे हीर सोलत बसला होता. झाड आता घराच्या कौलांना लागले होते आणि पुन्हा फुलले होते.

रोपे न्यायला आलेली एक नवी बाई खाली थांबून वर पाहत होती.

"केवढं झालंय ओ. काय लागतं ह्याला?"

"काय नाय."

"मग ठेवलंय कशाला?"

भावाने हीर सोलणे थांबवले नाही.

"ठेवायचं काय त्यात," तो म्हणाला. "घरातला आहे तो."